मदत हवी आहे: गच्चीवर टोमॅटोची निवड कशी करावी?

नमस्कार मंडळी. आमच्याकडच्या बुटक्या, आंबट गावरान लाल टोमॅटोचा उंच वाढणाऱ्या पिवळ्या चेरी टोमॅटोशी संकर केलाय. पहिल्या पिढीची सगळी झाडं अपेक्षेप्रमाणे उंच आणि लाल फळांची आली. त्यांचं बी धरलंय, आता दुसरी पिढी लावायची आहे. मला हवंय बुटकं झाड, पिवळं फळ आणि गावरानचा तो आंबटपणा. आमटीत त्याला तोड नाही!

पिवळा रंग आणि बुटकेपणा दोन्ही अप्रभावी गुण (दोन्ही पालकांकडून आले तरच दिसणारे), म्हणजे दोन्ही एकत्र साधारण सोळात एका झाडात येणार. गच्चीवर जागा दहा-बारा कुंड्यांचीच. मग यंदा नुसती पिवळी झाडं निवडून, ती उंच असली तरी, तिसऱ्या पिढीत बुटकी शोधावीत का? की एका कुंडीत दोन-दोन रोपं दाटीनं लावून संख्या वाढवावी? तसं केलं तर फळाचा आकार आणि चव नीट कळेल का, ही खरी काळजी आहे. बुटकेपणा रोपावस्थेत ओळखायची काही खूण आहे का?

आणखी एक: पांढऱ्या माशीमुळे लीफ कर्ल (पानं आकसण्याचा विषाणूजन्य रोग) आला आणि नेमकं चवदार झाड आजारी पडलं, तर त्याचं बी ठेवता का? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.