हिंदुरावाचे एवढे लाड कशाला?

शिवारातला
आमच्या अंबाजोगाईच्या एका दोस्तानं ‘सामना’ सिनेमाच्या पुढची गोष्ट लिहिलीय. फॅन फिक्शनच म्हणा. सिनेमातला साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील शिक्षा भोगून गावी येतो, तर साखर कारखान्याला कुलूप, गेटात बाभळी उगवलेल्या, आणि रखवालदार त्यालाच विचारायलाय, "पाव्हणं कुठलं?" लिहिलंय फक्कड, खोटं कशाला बोलू. पण आठ भागांत मारुती कांबळेचं नाव दोनदा. ज्याचा जीव गेला त्याचं काहीच नाही, आणि पाटलाच्या गुडघेदुखीवर अख्खा एक भाग! पाटील रंगवणाऱ्या निळूभाऊ फुल्यांवर जीव आपलाबी हाय. म्हणून हिंदुरावाची सेवा करायची का?

धारूरचा घाट
भाऊ, सिनेमा परत बघ. लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनी त्याला राक्षस केलेलाच नाही. रस्त्यावरच्या दारुड्या मास्तराला तो वाड्यावर आणतो, खाऊपिऊ घालतो. आणि तेच मास्तर, म्हणजे आपले श्रीराम लागू, एकच प्रश्न धरून बसतात: मारुती कांबळेचं काय झालं? त्या प्रश्नानं पाटील आतून पोखरला जातो. दोस्तानं तेवढाच धागा ओढलाय. जब्बार पटेलांचा हा पहिलाच सिनेमा १९७५ला बर्लिनच्या स्पर्धेत गेला, तो काय नुसता मिशीला पीळ देणारा पाटील बघून?

शिवारातला
पोखरला तो पकडले जाण्याच्या भीतीनं. पश्चात्ताप बिश्चात्ताप काही नाही.

धारूरचा घाट
मग कबुली का देतो?

शिवारातला
थांब, रात्री परत बघतो.

कोपीतली
तुम्ही दोघंबी पाटलातच अडकलात. माझे आईबाप वीस वर्षं ऊसतोडीला, कोयत्यावर. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे घ्यायचे, दिवाळीच्या आगंमागं ट्रॅक्टरात बसायचं, ते पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत कोपीत, पाचटाच्या झोपडीत. अंधारात मोळ्या बांधायच्या, उसाचे शेंडे, वाढं विकून मिठामिरचीचं भागवायचं. चेअरमन आम्ही फक्त बॅनरवर पाहिला. म्हणून कुलपापुढं म्हातारा रडतो तिथं मला दया नाही आली. कारखाना बंद, मग ह्या सालची उचल कशी फिटायची, हेच डोक्यात आलं. दोस्ताला एक सांगा. गेटवरच्या त्या रखवालदाराचं आडनाव कांबळे कर म्हणावं.

धारूरचा घाट
मारुतीच्या घरचा असला तर पाटलाला ओळखणार नाही का मग?

कोपीतली
ओळखलंय की. म्हणून तर विचारायलाय.