तेहतीस अनारसे

इंदूर, सोसायटीचा ग्रुप. शुक्रवार, ८ मे २०२६

बी-३०२, सकाळी १०.१२
सगळ्यांना नमस्कार. १७ तारखेपासून अधिक ज्येष्ठ लागतोय आणि धाकट्या जावयाचा हा पहिला अधिक. २४ ला, रविवारी, दोघं पुण्याहून येतायत. वाणाच्या ताटात ३३ अनारसे ठेवायचे आहेत आणि या वेळी ते मला घरीच करायचे आहेत. पुरणपोळी, चिरोटे, करंज्या सगळं जमतं, पण हा एक पदार्थ हाती लागला नाही. मागच्या अधिकात, २०२३ च्या श्रावणात, मोठ्या जावयासाठी केले होते. पहिला तुपात सोडला आणि तो विरघळून कढईभर झाला. दुसरा तसाच, तिसरा तसाच. शेवटी बाजारातून आणून वाण दिलं. ताटावर रुमाल झाकताना डोळ्यांत पाणी आलं होतं. कुणाला खात्रीने येतात का?

सी-२०४
वहिनी, मलाही नाही येत हो. माझी आई ग्वाल्हेरला दर दिवाळीला करायची. मी खसखशीच्या ताटलीपाशी बसायचे आणि थापायचे. पण पीठ आधी आठ दिवस कपाटात असायचं, ते कसं झालं हे कधी विचारलंच नाही. आता विचारायला आई नाही.

बी-१०५ काका
अनारसा हसला म्हणतात ते हेच ना?

बी-३०२
हेच काका.

ए-४०३
पुण्यात तयार पीठ मिळतं. येताना लेकीलाच आणायला सांगा की.

बी-३०२
मिळतं, ठाऊक आहे. पण आमच्या पहिल्या अधिकाला माझ्या आईने रामबागेतल्या घरी स्वतः पीठ करून अनारसे दिले होते. एकदा तरी तसं माझ्या हातून व्हावं असं फार वाटतं.

सी-३०१
विषय निघालाच आहे तर माझ्याही मनातलं सांगते. खापरावरचे मांडे. आम्ही मूळचे जळगावकडचे. आजी मांडे करायची तेव्हा चुलीवर खापर पालथं घातलेलं असायचं, काळंभोर, चांगलं तापलेलं. गहू ओलवून दळायचे, पीठ वस्त्रगाळ करायचं, मग पाण्याचा हात लावून लावून ते इतकं तिंबायचं की ओढलं तर लांबत जाईल पण तुटणार नाही. पुरण भरून आधी पोळपाटावर थोडं लाटायचं आणि मग उचलायचं. खरी गंमत तिथे. दोन्ही हातांवर फिरवत फिरवत ती पोळी वाढत जाते, पार कोपरापर्यंत येते, आणि एका झटक्यात खापरावर पडते. एवढ्या झटक्यात पुरण कुठे फुटत नाही की कुठे गोळा होत नाही. ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मुक्ताबाईने मांडे भाजले ही गोष्ट लहानपणी ऐकली तेव्हा मी आजीचं खापर पाहिलेलं होतं, त्यामुळे ती पाठ किती तापली असेल ते मला नीट कळायचं.

मी दोनदा प्रयत्न केला. गॅसवर कढई पालथी घालून. पीठ सरबती गव्हाचं, पुरण उत्तम. हातावर घेतलं की मधोमध भोक पडतं. लोखंडाची कढई एका जागी जाळते, बाजूला कच्चं ठेवते. आमच्याकडे लग्नकार्यात मांडे करणाऱ्या बायका बोलावतात, त्या एकामागून एक शेकडा मांडे टाकतात. त्यांच्याजवळ एक दिवस उभं राहायचं आहे. इथून बुऱ्हाणपूर १८० किलोमीटर आणि पुढे जळगाव शंभरेक. दर वर्षी ठरवते, दर वर्षी राहून जातं.

सी-२०४
ताई, तुम्ही जाल तेव्हा मला सांगा. मी येते बरोबर.

ए-२०२
येताना बुऱ्हाणपूरहून मावा जलेबी आणा सगळ्यांना 🙏

बी-१०५ काका
माझी इच्छा साधी आहे. सराफा बाजारात रात्री मिळते तशी साबुदाण्याची खिचडी. ही गेल्यापासून एकादशीला मीच करतो. तुपात परतायला घेतली की सगळा गोळा होतो.

ए-२०२
काका, सराफ्यातली खिचडी परतलेली नसतेच. साबुदाणा भिजवून मोकळा करतात आणि उकळत्या पाण्यावर वाफेवर ठेवतात. मग वाडग्यात घेऊन वरून मसाला, बटाट्याचा चिवडा, कोथिंबीर, लिंबू. घरी मोदकपात्रात पातळ कापड घालून ठेवा, दहा मिनिटांत पारदर्शक होतो. मधे एकदा काट्याने हलवा. शेंगदाण्याचं कूट शेवटी घाला, आधी घातलं तर ओलं होऊन चिकटतं.

बी-१०५ काका
उद्याच करून बघतो. मनापासून आभार.

सी-१०२
मी माहेरची मालवी. बाफले, म्हणजे कणकेचे गोळे आधी उकळून मग भाजायचे, ते डोळे मिटून करीन, पण लग्नाला १४ वर्षं झाली तरी उकडीच्या मोदकाला कळ्या येत नाहीत. सासूबाईंच्या मोदकाला १५-१५ कळ्या असायच्या. माझी पारी कडेला चिरते.

सी-३०१
चिरते म्हणजे उकड मळताना गार झाली. हाताला तेल-पाणी लावून चटके सोसत मळायची, आणि मळलेली ओल्या फडक्याखाली झाकायची. गणपतीच्या आधी एका रविवारी ये माझ्याकडे. त्या बदल्यात मला बाफले शिकव. माझे पाण्यात उकळतानाच फुटतात.

सी-१०२
पक्कं! तुमची कणीक सैल असणार. बाफल्याचं पीठ रवाळ हवं आणि घट्ट मळायचं.

ए-१०१, दुपारी १.४०
नमस्कार. सगळे मेसेज आईंना वाचून दाखवले. त्या सांगतायत, मी टाईप करते. त्यांच्याच शब्दांत लिहिते.

“बी-३०२ च्या सूनबाईला सांग, तीन वर्षांपूर्वी फसले त्यात तिच्या हाताचा दोष नाही. श्रावणात केलेस बाई. बाहेर पाऊस, फडक्यावर तांदूळ वाळतच नाही. पिठात पाणी राहतं, त्यात गूळ पडला की पीठ पळायला लागतं आणि तुपात धरत नाही. आता उलट होईल. वैशाखातली इंदूरची हवा. खिडकी उघडी ठेवून पंखा लावलास तर तांदूळ अर्ध्या तासात खडखडीत. खडखडीत तांदळाच्या पिठात गूळ मुरत नाही, मग अनारसा दगडासारखा होतो आणि जाळी पडत नाही. अनारशाचं सगळं त्या ओलाव्यात आहे.

तांदूळ जुना, जाडा घे. बासमती नको, कालीमूंछ नको, उसना, म्हणजे उकडा, तर मुळीच नको. तीन दिवस भिजव, पाणी रोज बदल. चौथ्या दिवशी उपसून चाळणीत निथळ, मग जाड सुती फडक्यावर सावलीत पसर. पंखा नको. पसरलास की तिथून हलू नकोस. दर पाच मिनिटांनी मूठभर उचलायचे आणि मूठ उघडायची. चार दाणे तळहाताला चिकटून राहिले आणि बाकीचे गळले की लगेच उचल. एकही चिकटला नाही तर उशीर झाला.

मिक्सरमध्ये थोडे थोडे फिरव, मैद्याच्या चाळणीने चाळ, उरलेली कणी पुन्हा फिरव. पिठाची मूठ आवळली की गोळा व्हावा आणि बोट लावलं की फुटावा. एक किलो पिठाला पाऊण किलो गूळ. करेली गावचा साधा गूळ सियागंजात मिळतो, तो किसून घे. चिक्कीचा गूळ आणू नकोस. वर चमचाभर तूप. मिसळून गोळे कर आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भर. सात-आठ दिवस तरी मुरू दे. उघडून उघडून बघू नकोस.”

बी-३०२
आजी, हे मी वहीत उतरवून घेतलं. एक विचारते, एवढं करूनही तुपात विरघळला तर?

ए-१०१
“आधी एकच टाकून बघायचा. विरघळला तर गोळ्यात थोडी तांदळाची पिठी मिसळायची. कडक वाटला तर पिकलेलं केळं, अगदी नखाएवढं. तूप मंद. खसखशीवर थापलेली बाजू वर ठेवून सोडायचा आणि उलटायचा नाही. झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. खालून भाजतो आणि वाफ वरून निघते, तीच जाळी. झाला की चाळणीत उभा करून ठेव, आडवा ठेवलास तर तूप आत राहतं. अर्ध्या किलोत ३३ निघतील, पण तू किलोभर भिजव. पहिले चार-पाच हात बसेपर्यंत जातात.”

ए-४०३
आजी, अधिकात ३३ च का? सांगाल?

ए-१०१
“तेहतीस कोटी देवांचे तेहतीस. पोथीत याला अपूपदान म्हणतात, अपूप म्हणजे हाच गोड वडा समज. आमच्या सासूबाई मात्र सांगायच्या की चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सूर्याचं ३६५ चं, दर वर्षी ११ दिवस मागे पडतात, ते साठून सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना वाढतो, म्हणून तेहतीस. मला दोन्ही पटतं.”

सी-२०४
आजी, तुम्ही शेवटचे कधी केले होते?

ए-१०१
आई थोडा वेळ गप्प झाल्या. म्हणाल्या, २०१८ च्या अधिक ज्येष्ठात, नातजावयासाठी. तेव्हापासून बोटं वळत नाहीत. थापता येत नाही. मग म्हणाल्या, “पण मूठ अजून आवळता येते. तांदूळ माझ्याकडे आणून वाळवा. आमची मागची गच्ची उत्तरेकडची आहे, तिथे ऊन येत नाही. मी खुर्चीवर बसून मूठ बघते.”

बी-३०२
आजी, मी रविवारी सकाळी तांदूळ भिजवते. बुधवारी १३ ला सकाळी ९ वाजता चाळणी घेऊन येते तुमच्याकडे.

सी-२०४
मीही अर्धा किलो भिजवते. मला अधिकाचं वाण नाही द्यायचं. आईसारखे व्हावेत एवढंच.

सी-३०१
मी फडकं घेऊन येते. माझ्याकडे आजीचं जुनं धोतर आहे, आजोबांचं म्हणजे. जाड सुती, खूप धुतलेलं. तांदळाचं पाणी छान ओढेल.

सोमवार, ११ मे

बी-१०५ काका, सकाळी ६.५०
सर्वांना कळवतो, शनिवारी खिचडी वाफेवर केली. दाणा न् दाणा मोकळा. १३ ला अपरा एकादशी आहे, तेव्हा पुन्हा करणार. अनारशांच्या कामाला बसलेल्या ज्यांना उपास असेल त्यांच्यासाठी ए-१०१ कडे डबा घेऊन येतो. बटाट्याचा चिवडा वेगळा बांधून आणीन.

बी-३०२, सकाळी ७.०५
पाणी बदललं. वर थोडा फेस आला होता आणि आंबूस वास आहे. दोनदा धुऊन पुन्हा भिजवले. बरोबर आहे ना आजी?

ए-१०१
आई विचारतायत, वास ताकासारखा की कुजकट?

बी-३०२
ताकासारखा.

ए-१०१
मग झाकून ठेव म्हणतायत. उन्हाळा आहे, संध्याकाळी पुन्हा एकदा पाणी बदल. आणि पातेलं ओट्याखाली ठेव, गॅसपाशी नको.