मदत हवी आहे : बाळाच्या बंडीचं पाठ-पोट जुळेना

नवखी :

विणकामातल्या जाणकारांनो, जरा इकडे लक्ष द्या. मी आजवर एकच मफलर विणलाय, तोही सगळा सुलट, म्हणजे सगळ्यात साध्या टाक्याचा. नणंदेला मुलगी झाली, ती आता तीन महिन्यांची आहे. नणंद निफाडला असते. तिथली डिसेंबरातली थंडी ज्यांनी काढली आहे त्यांना लोकरीची बंडी का हवी ते सांगायला नको. सासूबाई म्हणाल्या, विकतची आणू. मी म्हणाले, मी विणते. त्यामुळे आता माघार नाही.

यूट्यूबवर एका अमेरिकन बाईंचा व्हिडिओ सापडला. दोन चौकोनी तुकडे विणायचे, खांद्यावर आणि कडेला शिवायचे, मधे गळ्याला आणि कडेला वर हातांना जागा सोडायची. मुंड्याचा आकार नाही, टाके घटवणं-वाढवणं नाही, बाही नाही. आठ नंबरच्या सुया, ४५ टाके, रुंदी १० इंच. मी रविवार पेठेतून आठ नंबरच्या सुया आणि बाळाची म्हणून मिळते ती मऊ लोकर आणली आणि बसले.

बाई सगळ्या ओळी सुलटच विणतात. ते मला मफलरसारखं दिसायला लागलं, म्हणून मी एक सुई (म्हणजे एक ओळ) सुलट, एक सुई उलट केलं. दुकानातल्या स्वेटरसारखं छान गुळगुळीत येतं की! आता अडचणी :

१. दोन्ही तुकडे ४५ टाक्यांनी सुरू केले, ओळी कागदावर रेघा मारून मोजल्या. तरी पाठ पोटापेक्षा दीड इंच लांब आणि एक इंच रुंद. पोटाचा भाग तर जेमतेम साडेसात इंच भरतोय.

२. पोटाचा भाग खालून-वरून सुरळीच्या वडीसारखा गुंडाळला जातो. पाठ मात्र नीट सपाट आहे.

३. मधेच मोजले तर ४५ चे ४८ टाके झाले होते. मी एकही वाढवलेला नाही, शप्पथ.

४. तरीही एक कड शिवून पाहिली. शिलाईचा दोरा, साधा धावदोरा. चुण्या पडल्या, आणि जरा ताणलं तर दोरा तुटला.

बारसं झालंय, त्यामुळे घाई नाही. पण थंडी काही माझ्यासाठी थांबणार नाही.

लडीवाली काकू :

आधी एक सांग. पाठ सपाट आहे म्हणतेस, ती आपोआप सपाट झाली का?

नवखी :

नाही काकू. तीही गुंडाळली जात होती, म्हणून इस्त्री फिरवली. मग थोडी चकचकीत झाली, पण सरळ झाली. पोटावरही फिरवणार होते, तेवढ्यात दूध उतू गेलं.

लडीवाली काकू :

त्या दुधाचे उपकार मान. अगं, बाजारात "लोकर" म्हणून मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रिलिक असते. गुंड्यावरच्या कागदी पट्टीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, बघ. गरम इस्त्रीने ते धागे ढिले पडतात, ताण निघून जातो, चकाकी येते, आणि मग तुकडा लोंबतो तो कायमचा. धुऊनही परत येत नाही. तुझी पाठ वाढलेली नाही, मेली आहे. ती बाजूला ठेव, बाहुलीचं पांघरूण होईल.

गुंडाळी होते त्यात तुझा दोष नाही. एक सुई सुलट, एक उलट विणलं की ते खालून-वरून पुढे वळणार आणि कडेने मागे वळणार. ती त्या विणीची जातच आहे. म्हणून तर आपण खाली बॉर्डर घालतो, एकाच ओळीत एक टाका सुलट एक टाका उलट, तीही बारीक सुईवर. बॉर्डर बाराच्या सुईवर आणि अंग दहावर, हे आमच्या वेळी पाठच असायचं. व्हिडिओतली बाई सगळं सुलट विणते, कारण ती वीण वळत नाही. तू गुळगुळीतपणाच्या मोहात पडलीस. मीही पडले असते.

शेवग्याची शेंग :

रुंदीचं उत्तर मी देतो. मी पुरुष आहे, आईकडून शिकलो, पोटासाठी मशीनशॉपमध्ये काम करतो, त्यामुळे माप हा माझा प्रांत.

नवखी, तुमची आठ नंबरची सुई आणि त्या बाईंची आठ नंबरची सुई या दोन वेगळ्या सुया आहेत. आपल्याकडे अजून जुने ब्रिटिश नंबर चालतात. त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. आपली आठ म्हणजे ४ मिलिमीटर, दहा म्हणजे ३.२५, बारा म्हणजे २.७५. अमेरिकेत उलटं, नंबर वाढला की सुई जाड. त्यांची आठ म्हणजे ५ मिलिमीटर. आपली आठ ही त्यांची सहा.

आता हिशेब. ४५ टाक्यांत १० इंच म्हणजे बाईंचे इंचाला साडेचार टाके. तुमचे ४५ टाक्यांत साडेसात, म्हणजे इंचाला सहा. दोन्ही तुकडे जोडून त्यांचा घेर २० इंच, तुमचा १५. तीन महिन्यांच्या बाळाच्या छातीवर तो कसा चढेल?

सुया बदलू नका. बारीक लोकर जाड सुईवर घेतली तर जाळी होईल. टाके बदला. १० इंचांना ६०, आणि दोन्ही कडांचा एकेक टाका शिवणीत जातो, म्हणून ६२. पण थेट ६२ घालू नका. आधी त्याच सुयांवर, ज्या विणीत बंडी करणार त्याच विणीत ३० टाक्यांचा नमुना ५-६ इंच विणा, इस्त्री न करता सपाट ठेवा आणि मधल्या ४ इंचांतले टाके मोजा. कडेचे मोजायचे नाहीत, ते नेहमी वेडेवाकडे असतात.

नवखी :

म्हणजे मी आठवडाभर विणत होते ते बाहुलीचं माप. बरं. नवऱ्याने हा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला, दोनदा.

४५ चे ४८ कसे झाले?

लडीवाली काकू :

ओळ संपली, काम फिरवलंस, की धागा कुठे असतो ते बघ. तो सुईवरून मागे ओढला गेला तर कडेचा टाका खेचला जातो आणि त्याचे दोन्ही पाय सुईवर चढतात. दोन टाके असल्यासारखे दिसतात, आणि तू इमानदारीत दोन्ही विणतेस. धागा आधी सुईखालून समोर आणायचा, मग एकच टाका दिसेल. सुलट विणायचं असेल तर तसाच सुयांच्या मधून मागे न्यायचा. नाहीतर सरळ पहिला टाका न विणता उचलून घे, कड साखळीसारखी येते.

सुटा टाका :

काकू, उचललेली कड मफलरला छान, पण जिथे शिवायचं आहे तिथे मला ती आवडत नाही. दोन ओळींना एकच सैल कडी येते, शिवणीत भोकं दिसतात. शिवायच्या कडेचा पहिला टाका विणलेलाच बरा.

लडीवाली काकू :

चाळीस वर्षं उचलतेय, अजून कोणी भोकं मोजायला आलं नाही. पण नवखीने तुझं ऐकावं, तिला शिवणीचाच त्रास आहे.

सुटा टाका :

शिवणीबद्दल. शिलाईचा दोरा नको, तो ताणत नाही आणि लोकर ताणते. त्याच लोकरीचा दीड हात धागा घ्या. सुई बोथट टोकाची आणि मोठ्या नेढ्याची हवी, टोकदार सुई धागा फाडते. दोन्ही तुकडे सुलट बाजू वर करून शेजारीशेजारी ठेवा, एकावर एक नाही. गुळगुळीत विणीत कडेचा टाका आणि त्याच्या आतला टाका हळूच बोटांनी फाकवा. मधे शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे धागे दिसतील. डावीकडची एक पायरी सुईवर घ्या, मग उजवीकडची एक, मग परत डावीकडची. इंचभर झालं की धागा हलकेच ओढा. दोन्ही कडा आत वळतात आणि शिवण दिसेनाशी होते. पहिल्यांदा झालं तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना उठवून दाखवलं होतं.

सगळं सुलट विणलंत तर पायऱ्यांऐवजी उंचवटे दिसतील. दोन ओळींचा एक उंचवटा. एका बाजूचा त्याचा खालचा फास घ्यायचा, दुसऱ्या बाजूचा वरचा. ओळीही तशाच, उंचवटे मोजून दुप्पट करायचे. कागद नको.

आणि गळा. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं. १० इंचांत अडीच-अडीच इंच खांदे धरले तर गळ्याला पाच उरतात, तेवढ्यातून डोकं रडवूनच निघेल. एकच खांदा शिवा, दुसऱ्याला दोन बटणं आणि क्रोशाच्या फासाची काजं करा. बटणं घट्ट, बाळ ती तोंडात घालणारच. आणि वरचे टाके बंद करताना हात सैल सोडा, जमत नसेल तर तेवढ्यापुरती जाड सुई घ्या.

नवखी :

पोटाचा तुकडा उसवला. मुलाने दोन्ही हात पुढे धरले आणि मी लडी केली. त्याला हे काम गृहपाठापेक्षा बरं वाटलं. पाठीला हात लावलेला नाही. लोकर कमी पडणार म्हणून दुकानात जाऊन आणखी दोन गुंडे आणले. दुकानदाराने आधीच्या गुंड्याची पट्टी मागितली आणि लॉट नंबर, म्हणजे एकत्र रंगवलेल्या लोकरीचा नंबर, जुळवून दिले. त्याच रंगाचा दुसऱ्या लॉटचा गुंडा शेजारी धरून दाखवला, उजेडात फरक कळतो.

नमुना सगळा सुलट विणला. चार इंचांत २३ टाके आले, २४ नाही. म्हणजे १० इंचांना साडेसत्तावन्न. मी ६० घातलेत, शिवणीचे धरून. चालेल ना?

शेवग्याची शेंग :

चालेल. साडेसत्तावन्न आणि दोन मिळून साडेएकोणसाठ. अर्धा टाका बाळाला भेट.

नवखी :

१४ उंचवटे झाले, टाके अजून ६०च. खांद्यापाशी आले की परत येते.