लातूरजवळ खऱ्या अर्थाने अंधारे आकाश कोठे मिळेल?

प्रश्न – तिकांडे (लातूर)

नमस्कार. मी लातूर शहरात राहतो आणि माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. दोन वर्षांपासून १० × ५० ची (दहापट मोठे दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची) साधी द्विनेत्री दुर्बीण घेऊन गच्चीवरून आकाश पाहत आहे. लहानपणी आजोळच्या अंगणात बाजेवर पडल्यापडल्या आकाशगंगा दिसत असे, आणि मृग नक्षत्रातील तीन ताऱ्यांना आजी ‘तिकांडे’ म्हणत असे. आज गच्चीवरून ते तिकांडे दिसते, व्याध दिसतो, कृत्तिकेतील चार तारे कसेबसे मोजता येतात; परंतु देवयानी दीर्घिकेचा, म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरील अँड्रोमेडा या तारकाविश्वाचा, पुसट ठिपका दुर्बिणीतूनही मोठ्या कष्टाने सापडतो आणि आकाशगंगेचे तर नावच नाही.

गेल्या हिवाळ्यात दोन वेळा बाहेर पडून पाहिले. पहिल्यांदा एका टेकडीवरील देवस्थानाजवळ गेलो, तर तेथे हायमास्टचा दिवा इतका प्रखर होता की शहरातच बरे होते असे वाटले. दुसऱ्यांदा एका धरणाच्या भिंतीवर गेलो आणि पंधरा मिनिटांत पहारेकऱ्याने परत पाठवले. त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही.

संध्याकाळी निघून मध्यरात्रीनंतर घरी परतता येईल, अशी जागा कोणी सुचवू शकेल काय? औंढा नागनाथजवळ लायगो प्रकल्प होत आहे, म्हणजे तेथील आकाश उत्तम असणार, असे एका सहकाऱ्याचे म्हणणे आहे. ते कितपत खरे आहे?

उत्तर – बालाघाट (अंबाजोगाई)

सर, लायगोचा मुद्दा आधी संपवतो. तो प्रकल्प गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी आहे. चार किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी भुजांतून लेसरचे किरण सोडून अंतरातील अतिसूक्ष्म बदल मोजले जातात. ताऱ्यांचा प्रकाश तेथे पाहिलाच जात नाही. अशा यंत्रणेला जमिनीची स्थिरता आणि हादऱ्यांपासून दूर असलेली जागा लागते, काळोख नव्हे. औंढ्याच्या परिसरात आकाश चांगले असेलही, पण त्याचे श्रेय लायगोला देता येणार नाही.

आता जागेविषयी. आपण सगळे ‘शहरापासून किती दूर’ एवढेच विचारतो आणि ‘शहराच्या कोणत्या बाजूला’ हे विचारायचे विसरतो. मराठवाड्यातून पाहण्यासारखे जे विशेष आहे त्यातील बरेचसे दक्षिणेकडे आणि क्षितिजापासून फार उंच न जाणारे आहे. अगस्ती हा तेजस्वी तारा, त्रिशंकू हा तारकासमूह, मित्र आणि मित्रक हे तारे, नरतुरंग तारकासमूहातील ओमेगा हा प्रचंड तारकागुच्छ, वृश्चिकाची शेपटी ही सगळी मंडळी दक्षिणेची. लातूरचे अक्षांश सुमारे १८.४ अंश धरले तर अगस्ती जास्तीत जास्त १९ अंश उंचीवर येतो, म्हणजे उत्तरेला ध्रुव जेवढा वर दिसतो साधारण तेवढाच. त्रिशंकूचा सर्वांत खालचा तारा तर साडेआठ अंशांच्या वर जातच नाही. हात लांब करून मूठ धरली की ती सुमारे दहा अंश झाकते. त्यावरून अंदाज करा. अशा वेळी आपण शहराच्या उत्तरेला जाऊन बसलो, तर नेमक्या याच भागावर शहराच्या उजेडाचा घुमट चढलेला असतो.

म्हणून मी आपल्याला आमच्या अंबाजोगाईकडे बोलावणार नाही, जरी बालाघाटाच्या रांगा मला प्रिय असल्या तरी. आपण दक्षिणेला जा. औसा मागे टाकून निलंगा किंवा कासार सिरसीच्या बाजूला उतरलात, की लातूरचा उजेड पाठीशी राहतो आणि समोर दक्षिण मोकळी होते. शहरावरील उजेड अंतराच्या अडीचाव्या घाताने कमी होतो, असा एक ढोबळ नियम आहे. अंतर दुप्पट केले की तो साडेपाच पटींहून अधिक घटतो. वीसऐवजी चाळीस किलोमीटर जाण्यात जो लाभ आहे, तो चाळीसऐवजी पन्नास जाण्यात नाही. पेट्रोल त्या हिशेबाने खर्च करावे.

आणि जागा म्हणजे प्रेक्षणीय स्थळ नव्हे. ओळखीच्या माणसाचे शेत, जवळ आखाडा (शेतावरची वस्ती), चारी बाजूंनी हरभरा किंवा करडईसारखे बुटके पीक एवढे पुरते. उसाचा फड नको, कारण दहा अंशांपर्यंतचे आकाश उसानेच झाकले जाते. साखर कारखानाही दक्षिणेला नको. गाळप हंगामात त्याचा उजेड एखाद्या तालुक्याच्या गावाएवढा पडतो.

उत्तर – खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

वरील मताशी बहुतांशी सहमत आहे, मात्र डोंगरांना इतके मोडीत काढू नये. उंचावर धूळ आणि धुके काहीसे खाली राहतात, हा लाभ खराच आहे. आमच्याकडील मंडळी म्हैसमाळला जात असत; आता सुट्टीच्या दिवशी तेथे मोटारींच्या दिव्यांमुळे डोळे अंधाराला सरावतच नाहीत. अमावास्येच्या आसपासचा आडवार असेल तरच जावे.

अभयारण्यांबाबत मात्र स्पष्टच सांगतो. गौताळा, नायगावचे मयूर अभयारण्य, येडशीचे रामलिंग घाट ही नावे नकाशावर काळीभोर दिसतात आणि नवखा माणूस तिकडे ओढला जातो. वन विभागाच्या परवानगीशिवाय रात्री तेथे थांबता येत नाही आणि थांबूही नये. जायकवाडीचा जलाशयही पक्षी अभयारण्यच आहे. शिवाय थंडीत पाण्यावरून येणारे दहिवर दुर्बिणीच्या भिंगांवर बसते ते वेगळेच.

गावात कोणालाही न सांगता शिवारात शिरू नका. मध्यंतरी रात्री ड्रोन फिरत असल्याच्या चर्चेने गावोगावी पहारे बसले होते, तेव्हा तिपाईवर लांब नळी लावून बसलेला अनोळखी माणूस काय वाटला असता, याची कल्पना करा. पोलीस पाटलांना आदल्या दिवशी फोन करणे हा माझ्या मते दुर्बिणीइतकाच आवश्यक भाग आहे. पायांत बूट असावेत. फुरसे आणि घोणस यांना आपल्या छंदाशी काही देणेघेणे नसते.

प्रश्नकर्ता – तिकांडे (लातूर)

आपणा दोघांचे आभार. निलंग्याच्या पुढे माझ्या मेव्हण्यांचे शेत आहे. इतके दिवस ते डोळ्यांसमोर असून सुचले नाही. गेल्यावर आकाश किती चांगले आहे हे उपकरणाशिवाय कसे ठरवावे?

उत्तर – मन्याड (नांदेड)

सर, त्यासाठी जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये मांडलेली नऊ पायऱ्यांची श्रेणी आहे. पहिली पायरी म्हणजे निर्मळ काळोख आणि नववी म्हणजे महानगराचा मध्यभाग. सुरुवातीला मात्र दोनच खुणा पुरेत. पुष्य नक्षत्रातील तारकागुच्छ नुसत्या डोळ्यांनी धुरकट डागासारखा दिसला आणि देवयानी दीर्घिका दुर्बिणीविना सापडली, तर जागा उत्तम समजावी. ती दीर्घिका आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे, हे मुलांना तेथेच उभे करून सांगावे; वर्गातल्या फळ्यावर त्या आकड्याला काही वजन येत नाही.

डोळे अंधाराला सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मोबाईलकडे एकदा पाहिले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. बॅटरीला लाल जिलेटिन कागद दोन पदरी बांधावा. पुसट वस्तूकडे थेट न पाहता किंचित बाजूला पाहावे, कारण मंद प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशी दृष्टिपटलाच्या मध्यभागी नसून कडेला असतात.

तारखेचे म्हणाल, तर आपल्या लातूर-धाराशिवकडे वेळ अमावास्येला सारे गाव शेतात असतेच. मार्गशीर्षातील अमावास्या, कोरडी हवा, चंद्र नाही, आणि आंबील-भज्जीची सोय आयती. सूर्यास्तानंतर घाईने परतू नका, एवढेच करायचे आहे. फक्त एक अपेक्षा आधीच आवरावी: हिवाळ्यातील आकाशगंगा फिकी असते, कारण त्या दिवसांत संध्याकाळी आपण तिच्या केंद्राच्या उलट दिशेला पाहत असतो.

प्रश्नकर्ता – तिकांडे (लातूर)

वेळ अमावास्येला जाऊन आलो, म्हणून ही नोंद करत आहे. हेंडगा (गवताचा पेटता चुडा) शेताभोवती फिरवून झाला, पाहुणे पांगले आणि आम्ही सहाजण कडब्याच्या खोपीजवळ थांबलो. उत्तरेला लातूरचा फिकट पिवळसर पट्टा होता, पण तो दोन मुठींच्या वर चढत नव्हता. आठच्या सुमारास देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी सापडली. आधी मला, मग मेव्हण्यांच्या मुलीला, आणि तिने माझ्यापेक्षा लवकर बोट दाखवले. नऊनंतर अगस्ती आग्नेयेला हरभऱ्यावरून वर आला. शर्मिष्ठा तारकासमूहापासून ययाती तारकासमूहाकडे आणि पुढे मृगाच्या वरच्या अंगाला जाणारी आकाशगंगा फिकी होती, तरी होती. कृत्तिकेत मी सात तारे मोजले.

अडचण एकच आली. दक्षिणेकडील आखाड्यावर शंभर वॅटचा दिवा रात्रभर जळत होता. त्या दिवसांत शेतीची वीज रात्रीच येत असल्याने शेजारी गव्हाला पाणी देत जागे होते. मेव्हण्यांनी जाऊन सांगितल्यावर त्यांनी दिवा मालवला आणि थोड्या वेळाने स्वतःच दुर्बिणीपाशी येऊन उभे राहिले. मोटार मात्र बंद केली नाही.

आता एप्रिलच्या अखेरीस अमावास्येच्या आसपास त्रिशंकूसाठी पुन्हा जाण्याचा विचार आहे. त्या सुमारास तो रात्री साडेदहाला दक्षिणेला सर्वांत वर असतो, असे गणिताने येते. उन्हाळ्यातील धुळीत साडेआठ अंशांवरचा तारा दिसतो काय, हा अनुभव कोणाला असल्यास कृपया कळवावे.

उत्तर – बालाघाट (अंबाजोगाई)

दिसतो, पण रोज नाही. अवकाळी पावसाची सर येऊन गेली की दुसऱ्या रात्री हवा धुतल्यासारखी असते. तो दिवस सोडू नका. तासाभराने ओमेगा तारकागुच्छ सर्वांत वर, सुमारे २४ अंशांवर येईल, तोही १० × ५० मधून पाहून घ्यावा. कापसाच्या बोळ्यासारखा दिसेल. आणि शेजाऱ्यांना आधीच निरोप द्या.