समजूत, वागणं, परिस्थिती: स्वभावात बदल हवा असेल तर हात कुठे घालायचा?
(एका चर्चामंचावरचा संवाद; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

टिपणवही
मानसशास्त्राच्या पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी आठ आठवड्यांचा प्रात्यक्षिक गट घ्यायचा आहे. सिद्धान्ताची बाजू तयार आहे: कर्ट लेविनचं १९३६ चं सूत्र (वर्तन हे व्यक्ती आणि परिस्थिती या दोहोंवर अवलंबून), मग आल्बर्ट बांडुराचा १९७८ चा त्रिकोण, ज्यात समजूत, वागणं आणि परिस्थिती हे तिन्ही कोपरे एकमेकांवर परिणाम करतात. अडचण त्यापुढे येते. त्रिकोण फळ्यावर काढला की सगळे माना डोलावतात, आणि 'बरं, मग करायचं काय?' म्हटलं की गाडी 'सकारात्मक विचार करा' वर येऊन थांबते.

गटासाठी एकच उदाहरण धरलंय: बैठकीत गप्प बसणारी व्यक्ती. तिची समजूत, 'माझ्या बोलण्यात कुणाला रस नसतो.' जाणकारांना तीन प्रश्न:
१) तिन्हींपैकी सुरुवात कुठून करायची?
२) नोंदी कशा ठेवायच्या, म्हणजे 'छान वाटलं' याच्या पलीकडे काही हाती लागेल?
३) आठ आठवड्यांत जे बदलेल ते व्यक्तिमत्त्व म्हणायचं की नुसती सवय?

उलटतपासणी
सुरुवात वागण्यापासून, पण 'जा आणि बोल' अशी नव्हे. वागण्याला समजुतीची चाचणी बनवलं नाही तर शंभर वेळा बोलूनही समजूत जागची हलत नाही.

नोंदीच्या तक्त्यात सहा रकाने ठेवा: प्रसंग, भाकीत, भाकितावरचा भरवसा (० ते १००), या वेळी काय करायचं नाही, प्रत्यक्षात काय दिसलं, आणि प्रसंगानंतरचा भरवसा. पहिले चार रकाने प्रसंगाच्या आधी भरलेच पाहिजेत. नंतर भरले तर आठवण भाकिताला निकालाशी जुळवून घेते आणि चाचणी फुकट जाते.

भाकीत तपासता येईल असं हवं. 'लोक कंटाळतील' चालणार नाही, कारण कंटाळा डोळ्यांना दिसत नाही. 'मी मुद्दा मांडल्यावर पाच मिनिटांत त्यावर कुणीही प्रश्न विचारणार नाही, आणि निदान दोघं तरी मोबाइल बघतील' हे चालेल. पाचव्या रकान्यातही कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच लिहायचं. 'ते वैतागले' असं लिहिलं असेल तर परत पाठवा: भुवया उंचावल्या? घड्याळाकडे पाहिलं? नेमकं काय?

सगळ्यात महत्त्वाचा रकाना चौथा, आणि गाळला जातो तोही तोच. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांच्या १९९५ च्या सामाजिक भीतीच्या प्रारूपात 'सुरक्षा-वर्तन' हा कळीचा मुद्दा आहे, म्हणजे संकट टळावं म्हणून गुपचूप केलेल्या गोष्टी. बैठकीतल्या अशा गोष्टी अगदी ठरावीक असतात: वाक्य मनात तीन-तीनदा घोळवणं, कागदावरून नजर न उचलणं, भरभर आणि खालच्या आवाजात बोलणं, 'माझं चुकत असेल, पण...' अशी सुरुवात, सगळ्यांचं झाल्यावर शेवटी बोलणं. यातून दोन नुकसानं होतात. एक, सगळं नीट पार पडलं तरी श्रेय या युक्त्यांना जातं: 'घोळवून बोलले म्हणून निभावलं.' दुसरं जास्त वाईट. खालच्या आवाजातलं, कागदाकडे बघत केलेलं बोलणं खरोखरच कुणाला ऐकू येत नाही, लोकांची नजर इकडेतिकडे जाते, आणि 'कुणाला रस नसतो' या समजुतीला पुरावा मिळतो. त्रिकोणाच्या तिन्ही बाजू एका मिनिटात दिसतात त्या इथेच. मुलांना हाच प्रसंग फळ्यावर उलगडून दाखवा, वेगळं व्याख्यान लागणार नाही.

क्रम असा ठेवा:
पहिला आठवडा फक्त नोंदी, काहीही बदलायचं नाही. आठवड्यातून दोन-तीनदा आपसूक येणारा प्रसंगच निवडा, महिन्यातून एकदा येणारा नको.
दुसऱ्या आठवड्यात आठ-दहा प्रसंगांची उतरंड लावा, प्रत्येकाला भीतीचे ० ते १०० गुण. सुरुवात ४० च्या आसपासच्या प्रसंगापासून. २० चा प्रसंग काहीच शिकवत नाही, ८० चा पहिल्याच फटक्यात पळवून लावतो.
तिसऱ्यापासून एका वेळी एकच सुरक्षा-वर्तन सोडायचं. शक्य असेल तिथे तोच प्रसंग एकदा युक्ती वापरून आणि एकदा न वापरता करून बघायला सांगा. दोन्हींतला फरक मुलांना स्वतःला दिसतो, तुम्हाला पटवत बसावं लागत नाही.

काठावरचा
वरचा तक्ता उत्तम, पण सगळं ओझं व्यक्तीच्या डोक्यावर टाकण्याला माझा आक्षेप आहे. समजूत खरीच असेल तर? ज्या बैठकीत अध्यक्ष प्रत्येकाला मधेच तोडतो, तिथे 'माझं कुणी ऐकत नाही' हे निरीक्षण आहे, विकृत विचार नव्हे. तिथे चाचणी लावली तर भाकीत बरोबर निघेल आणि भरवसा ७० वरून ९० वर जाईल.

म्हणून पहिल्या आठवड्याच्या नोंदीत एक सातवा रकाना घाला: याच बैठकीत इतरांना काय वागणूक मिळाली? चार जणांना तोडलं गेलं असेल तर प्रश्न जागेचा आहे. मग आधी परिस्थितीला हात घाला. बारा जणांऐवजी चार जणांचा गट, विषयपत्रिका एक दिवस आधी हातात, बोलण्याची फेरी ठरलेली, बसायची जागा कोपऱ्यात नसून सूत्रधाराच्या समोर. या चार गोष्टींत गप्प माणसाचं बोलणं वाढतं, समजुतीला हातही न लावता.

आणि परिस्थितीत माणसंही येतात, त्यांच्या मनातल्या आपल्याविषयीच्या समजुतींसकट. १९७७ चा मार्क स्नायडर, एलिझाबेथ टँके आणि एलन बर्शाइड यांचा प्रयोग वर्गात जरूर सांगा. अनोळखी स्त्री-पुरुषांना फोनवर बोलायला लावलं. पुरुषांना आधी एक फोटो दिला, काहींना देखण्या स्त्रीचा, काहींना तशी न दिसणारीचा. फोटो पलीकडच्या स्त्रीचा नव्हताच, आणि फोटो दिल्याचं तिला माहीतही नव्हतं. नंतर फक्त स्त्रियांच्या बाजूचं ध्वनिमुद्रण तिऱ्हाइतांना ऐकवलं. ज्यांना 'देखणी' समजून बोललं गेलं होतं, त्या ऐकणाऱ्यांना जास्त मोकळ्या आणि स्नेहाळ वाटल्या. समोरच्याची समजूत त्याच्या वागण्यात उतरली आणि दहा-एक मिनिटांत दुसरीच्या 'स्वभावा'त दिसू लागली. ज्याच्याशी वर्षानुवर्षं 'हा काही बोलायचा नाही' असं धरून वागतात, त्याचं काय होत असेल याचा हिशेब मुलं आपोआप करतील.

उलटतपासणी
@काठावरचा, सातवा रकाना मान्य, चांगली भर आहे. फक्त परिस्थिती बदलण्यातला एक धोका नोंदवून ठेवतो. फेरी ठरलेली असेल तर माणूस बोलतो, पण श्रेय फेरीला देतो. फेरी बंद झाली की पुन्हा मूळपदावर. म्हणून आधार टप्प्याटप्प्यानं काढायचे: दोन आठवडे ठरलेली फेरी, मग सूत्रधाराचा नुसता दृष्टिक्षेप, मग काहीच नाही. एकदम काढले की घसरगुंडी ठरलेली.

अवांतर: त्रिकोणाचा एक कोपरा म्हणजे फक्त 'समजुती' असं शिकवू नका. बांडुराच्या मांडणीत तो कोपरा 'व्यक्ती'चा आहे. त्यात विचार, भावना आणि शरीराची घडणही येते.

मोजपट्टी
तिसऱ्या प्रश्नाबद्दल, कारण इथेच सगळ्यात जास्त थापा मारल्या जातात.

आधी 'स्वभाव' म्हणजे काय धरताय ते ठरवा. १९६८ साली वॉल्टर मिशेलनं दाखवलं की गुणविशेषाच्या चाचणीवरून एखाद्या प्रसंगातल्या वागण्याचा अंदाज बांधायला गेलं तर सहसंबंध (० म्हणजे काहीच नातं नाही, १ म्हणजे पूर्ण नातं) साधारण ०.३० च्या वर क्वचितच जातो. पुढे युइची शोदा आणि मिशेल यांनी उन्हाळी शिबिरातल्या मुलांची निरीक्षणं घेतली, ठरावीक प्रसंगांत: बरोबरीच्यानं चिडवलं तर, बरोबरीचा बोलायला आला तर, मोठ्यांनी कौतुक केलं, ताकीद दिली किंवा शिक्षा केली तर. दोन मुलांचा एकूण आक्रमकपणा सारखा असूनही एक चिडवल्यावर उसळायचा आणि दुसरा मोठ्यांनी ताकीद दिल्यावर. हा 'असं झालं तर असं वागतो' साचा बऱ्यापैकी टिकाऊ निघाला. तुमच्या गटासाठी व्यक्तिमत्त्वाची हीच व्याख्या सोयीची, कारण ती थेट नोंदीत पकडता येते. 'मी अबोल आहे' हे वाक्य प्रत्येकाला मोडून लिहायला लावा: वयानं मोठे असतील तर गप्प, समवयस्कांत नाही, आयत्या वेळी विचारलं तर गप्प, तयारी असेल तर नाही. अर्धा 'स्वभाव' तिथेच चार-पाच प्रसंगांत विरघळतो.

मापन दोन वेगांनी करा.
मंद माप: बिग फाइव्हची, म्हणजे व्यक्तिमत्त्वाचे पाच मुख्य गुणविशेष मोजणारी प्रश्नावली, पहिल्या आणि शेवटच्या आठवड्यात, आणि जमलं तर सोळाव्या आठवड्यात पुन्हा. बीएफआय-२ या अशाच एका प्रश्नावलीत ६० विधानं आहेत, ३० विधानांची लघु आवृत्तीही आहे. पूर्ण आवृत्तीच घ्या, कारण तुम्हाला उपघटक हवेत. बहिर्मुखतेत मिळूनमिसळून राहणं, ठामपणा आणि उत्साह असे तीन उपघटक येतात. बैठकीत बोलणं हा ठामपणाचा भाग. बहिर्मुखतेचा एकूण गुण जेमतेम हलेल आणि ठामपणा हललेला असेल, अशी शक्यता भरपूर. नुसता एकूण गुण बघून 'काही झालं नाही' म्हणाल.
जलद माप: दिवसातून चार-पाचदा फोनवर सूचना, 'गेल्या अर्ध्या तासात किती ठामपणे वागलात?' १ ते ७. पहिल्या आणि शेवटच्या आठवड्यात सात-सात दिवस. विल्यम फ्लीसननं २००१ मध्ये याच पद्धतीनं दाखवलं की एकच माणूस आठवड्याभरात अबोल ते बोलका हा जवळपास सगळा पल्ला फिरतो, टिकाऊ असते ती त्याची सरासरी. तुम्हाला सरकवायची आहे ती सरासरी, एखादा विक्रमी दिवस नव्हे.

स्वतःच्या उत्तरांबरोबर रोज सहवासात असणाऱ्या एका माणसाकडूनही तीच प्रश्नावली भरून घ्या. आणि गटात फक्त टोकाचे गुण असलेले विद्यार्थी घेऊ नका. टोकाचे गुण दुसऱ्या मोजणीत आपोआप थोडे मध्याकडे येतात, आणि ते तुमच्या कार्यक्रमाचं यश समजलं जातं.

आठ आठवड्यांत किती अपेक्षा ठेवायची? ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये २०७ अभ्यास एकत्र तपासले. सरासरी २४ आठवड्यांच्या उपचारांत गुणविशेष बदललेले दिसले, सर्वांत जास्त भावनिक स्थैर्य, त्याखालोखाल बहिर्मुखता. पण त्यांतले बहुतेक अभ्यास उपचार घेणाऱ्या लोकांवरचे होते. वर्गातल्या धडधाकट मुलांना तो आकडा जसाच्या तसा लावू नका.

आणि 'सवय २१ दिवसांत लागते' हा सगळीकडे सांगितला जाणारा आकडा पत्रकावर छापू नका, हात जोडून विनंती. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात एक साधी कृती अंगवळणी पडायला मध्यक ६६ दिवस लागले (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त), पल्ला १८ ते २५४. अभ्यास चालला ८४ दिवस, म्हणजे २५४ हे वरचं टोक प्रत्यक्ष मोजलेलं नाही, आलेखाची वक्ररेषा पुढे वाढवून काढलेलं. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. बैठकीत बोलणं ही काही पाण्याचा पेला पिण्याइतकी साधी कृती नाही, तेव्हा हिशेब करा.

काठावरचा
कुणीतरी 'मग अनुवंशिकतेचं काय?' विचारणारच. व्यक्तिमत्त्वाच्या गुणांमधला अनुवंशिकतेचा वाटा २०१५ च्या एका एकत्रित विश्लेषणात सुमारे ४० टक्के निघाला होता. हा आकडा लोकसमूहातल्या माणसामाणसांमधल्या फरकांबद्दल आहे. 'माझा ४० टक्के अबोलपणा जन्मजात' असा अर्थ त्यातून निघत नाही. शिवाय माणूस कलाप्रमाणे परिस्थिती निवडत जातो, शांत मूल शांत कोपरा शोधतं, त्यामुळे दोन वाटे वेगळे करून दाखवणं वाटतं तेवढं सरळ नाही. यावर पाच मिनिटं द्या, जास्त नको.

टिपणवही
सगळ्यांचे आभार, आराखडा बदलतोय. दोन शंका उरल्या. गृहपाठ कठीण ठेवावा की सोपा? आणि चाचणी यशस्वी झाली तरी 'त्या दिवशी नशीब होतं' म्हणून भरवशाचा आकडा हलतच नसेल तर?

मोजपट्टी
पहिल्याचं उत्तर: पूर्ण होईल असा. नेथन हडसन आणि सहकाऱ्यांच्या २०१९ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी १५ आठवडे स्वतःचे जे गुण बदलायचे होते त्यांना धरून छोटी आव्हानं निवडली. पूर्ण केलेल्या आव्हानांबरोबर बदल दिसला. नुसती स्वीकारून अर्धवट सोडलेली निरुपयोगी ठरली, काही बाबतीत उलटली. आठवड्याला एक किंवा दोनच द्या, आणि 'जेव्हा अमुक होईल तेव्हा मी तमुक करीन' अशा वाक्यात लिहून घ्या. 'जास्त बोलेन' नको. 'दुसरा विषय निघाला की पहिला प्रश्न मी विचारीन' असं हवं.

उलटतपासणी
नशिबाचा खुलासा नंतर येतो, म्हणून त्याची सोय आधी करून ठेवायची. प्रसंगापूर्वी विचारा: 'लागोपाठ किती वेळा असं झालं तर नशीब म्हणणार नाही?' आकडा त्याच्याच तोंडून येऊ द्या आणि तक्त्यावर लिहा. समजा चार म्हणाला. मग चार चाचण्यांत दर वेळी एकच गोष्ट बदला: दुसरी माणसं, दुसरी वेळ, न तयार केलेला मुद्दा, सुरुवातीलाच बोलणं. ओळखीची माणसं होती, तयारी होती, विषय सोपा होता, हे तिन्ही खुलासे एकेक करून गळतात.

चारही झाल्यावर आकडा तरीही ढिम्म असेल तर समजूत चुकीची लिहिली गेलीय. 'कुणाला रस नसतो' च्या खाली बहुतेकदा दुसरीच असते, 'चुकलो तर सगळ्यांना कळेल की मला काही येत नाही.' तिची चाचणी वेगळी: मुद्दाम एक किरकोळ चूक करायची, उदाहरणार्थ तारीख चुकीची सांगायची, पुढच्या दहा मिनिटांत त्याबद्दल किती जण किती वेळा बोलले ते मोजायचं, आणि मग दुरुस्ती सांगून टाकायची. ही चाचणी सहाव्या आठवड्याच्या आधी लावू नका, आणि ज्या बैठकीत तारखेवर कुणाचं काम अडतं तिथे तर मुळीच नको.