ऑफिसच्या कॉम्प्युटरवर सभासदांचे संपर्क: एस्पोसीआरएम टाकण्याआधी

सचिव: नमस्कार मंडळी. आपल्या सोसायटीतल्या सभासद आणि भाडेकरूंचे संपर्क ठेवायला ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एस्पोसीआरएम टाकायचं कमिटीत ठरलंय. फुकट आहे, ओपन सोर्स आहे. लोकांचे नंबर बाहेरच्या सर्व्हरवर जाऊ द्यायचे नाहीत, म्हणून सॉफ्टवेअर आणि डेटाबेस दोन्ही त्या एकाच मशीनवर. विंडोज 11, 8 जीबी रॅम, एसएसडी, टॅली आहेच. ऑफिसातल्या नेटचा भरवसा नाही. शनिवारी बसायचंय, तर काय काय लागेल ते जाणकारांनी इथेच लिहा.

सी-1203: मशीन भरपूर झालं. एस्पो एकटं चालत नाही. त्याला अपाची (वेब सर्व्हर), पीएचपी (एस्पो ज्या भाषेत लिहिलंय ती) आणि मारियाडीबी (डेटाबेस) लागतं. झॅम्पमध्ये तिन्ही एकत्र मिळतात. नेट नसेल तर घरून पेनड्राइव्हवर तीन गोष्टी आणा: विंडोजचा झॅम्प 8.2 इन्स्टॉलर, एस्पोची झिप, आणि मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ रनटाइम, 64 बिटचं. हे तिसरं लोक विसरतात, आणि मग "व्हीसीरनटाइम140.डीएलएल सापडत नाही" असं येऊन काम तिथेच थांबतं.

एस्पोची सगळ्यात नवी आवृत्ती डोळे झाकून घेऊ नका. झॅम्प 8.2 मध्ये पीएचपी 8.2 आणि मारियाडीबी 10.4 येतं. या दोन्हींवर चालणारी आवृत्ती कोणती, ते एस्पोच्या आवश्यकतांच्या पानावर बघून तीच उतरवा.

ए-302: ताई, झॅम्प प्रोग्राम फाइल्समध्ये टाकलं तर चालेल ना? बाकी सगळं तिथेच आहे.

सी-1203: नको काका. तिथे विंडोज लिहायची परवानगी अडवतं, आणि एस्पोला स्वतःच्या डेटा फोल्डरमध्ये सतत लिहावं लागतं. थेट सी ड्राइव्हवर झॅम्प नावाचं फोल्डर होतं, तेच राहू द्या.

टाकताना फक्त अपाची, मायएसक्यूएल, पीएचपी आणि पीएचपीमायअॅडमिन (ब्राउझरमधून डेटाबेस सांभाळायचं साधन) ठेवा, बाकीच्या खुणा काढा. झॅम्प मारियाडीबीलाच मायएसक्यूएल म्हणतं, घोटाळा नको. मग पीएचपी.आयएनआय ही पीएचपीच्या सेटिंगची फाइल उघडा. "जीडी" आणि "झिप" या दोन एक्स्टेन्शनच्या ओळींपुढे अर्धविराम असतो, तो काढा आणि अपाची बंद करून पुन्हा चालू करा. नाहीतर एस्पोचा इन्स्टॉलर पहिल्याच तपासणीत लाल खुणा दाखवतो. मॅक्स एक्झिक्युशन टाइम तिथेच 180 करून टाका.

बी-704: अपाची सुरूच झालं नाही तर बहुतेक वेळा 80 नंबरचं पोर्ट दुसऱ्या कुणीतरी धरलेलं असतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटस्टॅट -एएनओ चालवा. 80 समोर पीआयडी (चालू प्रोग्रामचा क्रमांक) 4 दिसला तर बहुतेक विंडोजची वर्ल्ड वाइड वेब पब्लिशिंग सर्व्हिस चालू आहे. ती बंद करा. टॅली सहसा 9000 वर असतं, त्याचा त्रास नाही. पण बिलिंगचं जुनं सॉफ्टवेअर त्याच मशीनवर असेल तर त्याचं स्वतःचं मायएसक्यूएल 3306 वर बसलेलं असू शकतं. अशा वेळी त्याला हात लावू नका. झॅम्पचं 3307 करा आणि एस्पोला तेच सांगा.

फायरवॉलची खिडकी आली की रद्द करा. शिवाय अपाचीच्या एचटीटीपीडी.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये लिसन 80 च्या जागी लिसन 127.0.0.1:80 लिहा (127.0.0.1 म्हणजे हेच मशीन), 443 चंही तसंच, पण ते एचटीटीपीडी-एसएसएल.कॉन्फमध्ये, आणि मारियाडीबीच्या माय.आयएनआयमध्ये बाइंड-अॅड्रेस 127.0.0.1. म्हणजे वायफायवरच्या दुसऱ्या फोनला किंवा लॅपटॉपला हे दिसणारच नाही.

सचिव: पासवर्डचं काय?

बी-704: झॅम्पमध्ये रूटचा, म्हणजे डेटाबेसच्या मुख्य युजरचा, पासवर्ड कोराच असतो, तो पहिला घाला. घातल्यावर पीएचपीमायअॅडमिन "अॅक्सेस डिनाइड" म्हणतं. घाबरू नका, त्याच्या कॉन्फिग.आयएनसी फाइलमध्ये ऑथ टाइप "कॉन्फिग" असतो तो "कुकी" करा. मग एस्पोसाठी वेगळा डेटाबेस, युटीएफ8एमबी4 युनिकोड सीआय कोलेशनचा, आणि त्या एकाच डेटाबेसवर हक्क असलेला वेगळा युजर. एस्पोला रूट कधीच देऊ नका.

सी-1203: एस्पोची झिप झॅम्पच्या एचटीडॉक्स फोल्डरमध्ये सोडवल्यावर एचटीटीपीडी.कॉन्फमधला डॉक्युमेंटरूट (अपाची जिथून पानं दाखवतं ते फोल्डर) त्यातल्या "पब्लिक" फोल्डरवर न्यायचा आणि "क्लायंट" फोल्डरसाठी अलायसची एक ओळ घालायची. पत्ता पुढे झुकणाऱ्या तिरक्या रेघेनेच (/), विंडोजच्या उलट्या रेघेने नाही. खालचा डिरेक्टरी ब्लॉक तसाच ठेवा, तो एचटीडॉक्सच्या आतल्या सगळ्याला लागू होतो. हे केलं नाही तर इन्स्टॉलरच्या ऐवजी कोरं पान किंवा सूचनांचं पान येतं आणि लोक पुन्हा पहिल्यापासून झॅम्प टाकत बसतात. पुढचा विझार्ड पाच मिनिटांचा आहे. वेळ आशिया/कोलकाता, तारीख दिवस-महिना-वर्ष, चलन रुपया.

झॅम्पचं कंट्रोल पॅनेल अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून अपाची आणि मायएसक्यूएलच्या डावीकडच्या चौकटी टिक करा, म्हणजे दोन्ही सर्व्हिस होतात. विंडोज बंद होताना ती नीट बंद होतात, आणि सकाळी मॅनेजरना काही चालू करावं लागत नाही.

खजिनदार: यादी माझ्याकडे एक्सेलमध्ये तयार आहे. तीच थेट घालू का?

सी-1203: खरं काम तिथेच आहे वहिनी. सॉफ्टवेअर अर्ध्या दिवसात बसतं, यादी नीट करायला त्याच्या दुप्पट वेळ धरा.

मोबाइलचा कॉलम आधी टेक्स्ट करा, मग नंबर भरा. साध्या कॉलममध्ये +91 लिहिलं की एक्सेल अधिकचं चिन्ह खातं, आणि उरलेला 12 आकडी नंबर 9.19ई+11 असा दाखवतं. तो तसाच सीएसव्हीत (एस्पोत यादी भरायच्या साध्या मजकुराच्या फाइलीत) उतरला तर शेवटचे आकडे गेले, परत येत नाहीत. लँडलाइनचा सुरुवातीचा शून्य असाच जातो. फ्लॅट नंबर "2-3" असा लिहिला तर त्याची तारीख होते.

फ्लॅट नंबर सगळीकडे एकाच पद्धतीने, चार आकडी: ए-0302, सी-1203. नाहीतर क्रमवारीत ए-1001 आधी आणि ए-302 नंतर येतो.

जतन करताना "सीएसव्ही युटीएफ-8" हाच प्रकार निवडा. नुसतं सीएसव्ही निवडलं तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

ए-302: आपली जुनी मराठी यादी श्रीलिपीत टाइप केलेली आहे. ती चालेल?

सी-1203: थेट नाही चालणार काका. जुन्या श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये अक्षर फक्त फॉन्टमुळे मराठी दिसतं, आतला मजकूर युनिकोड नसतो. फॉन्ट बदलून बघा, भलतीच अक्षरं दिसतील. आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड करा आणि एक-एक नाव डोळ्यांनी तपासा. रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात.

बी-704: एका फ्लॅटला मालक, सहसभासद, भाडेकरू असे तीन-चार जण असतात, आणि काहींचे दोन फ्लॅट आहेत. एका ओळीत "मोबाइल 1, मोबाइल 2" असं कोंबू नका. फ्लॅट म्हणजे अकाउंट, माणूस म्हणजे कॉन्टॅक्ट. एस्पोत एक कॉन्टॅक्ट अनेक अकाउंटना जोडता येतो आणि प्रत्येक जोडणीला वेगळं पद देता येतं. एकाच माणसाला एका फ्लॅटवर "मालक" आणि दुसऱ्यावर "सहसभासद" दाखवता येतं. लेबल मॅनेजरमधून अकाउंटचं "सदनिका" करून घ्या, मॅनेजरना सोपं जाईल.

इम्पोर्ट आधी फ्लॅटचा, मग माणसांचा. आणि आधी फक्त दहा ओळींचा. चुकलं तर इम्पोर्टच्या नोंदीत जाऊन रिव्हर्ट करता येतं, म्हणजे तो इम्पोर्ट मागे घेता येतो. पण नंतर हाताने दुरुस्त्या करत बसलात तर रिव्हर्टमध्ये त्याही जातील. दुबार नाव पकडताना नावावर विसंबू नका. पाटील आणि पाटिल हे एस्पोच्या लेखी दोन वेगळे. मोबाइलवरून पकडा.

डी-501: मग आता "आय" नमुन्याचं रजिस्टर बंद करायचं का?

सचिव: अजिबात नाही. 1960 च्या सहकारी संस्था कायद्याखालचं सभासद रजिस्टर "आय" नमुन्यात आणि यादी "जे" नमुन्यात ठेवावीच लागते. हे फक्त संपर्कासाठी. नामनिर्देशनसुद्धा त्याच्या रजिस्टरमध्येच.

सी-1203: आणि आधार नंबर, भाडेकराराच्या प्रती यात घालूच नका. 2023 चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आहेच. पण तो नसता तरी पाण्याची टाकी धुणार हे कळवायला आधार कशाला हवा? मॅनेजरना अॅडमिन करू नका. साधा युजर, आणि रोलमध्ये एक्स्पोर्टची परवानगी बंद.

खजिनदार: बॅकअप मी घेईन. झॅम्पचं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी केलं की झालं ना?

बी-704: नाही वहिनी, याला मी बॅकअप म्हणणार नाही. डेटाबेस चालू असताना मायएसक्यूएलचं डेटा फोल्डर कॉपी केलं तर अर्धवट लिहिलेल्या फाइली येतात आणि गरजेच्या दिवशी त्या उघडत नाहीत. झॅम्पसोबत येणारं मायएसक्यूएलडम्प वापरा, ते सगळा डेटा एका फाइलीत उतरवतं, सिंगल ट्रान्झॅक्शन आणि युटीएफ8एमबी4 हे पर्याय लावून. फाइल बनवायला "रिझल्ट-फाइल" हा पर्याय द्या. पॉवरशेलमध्ये बाणाच्या खुणेने फाइल केली तर विंडोजसोबत येणारं 5.1 ती युटीएफ-16 मध्ये लिहितं, आणि ती परत भरताना मारियाडीबी नाकारतं. फाइल दिसते मोठी आणि व्यवस्थित, म्हणून कुणाला संशय येत नाही.

डम्पमध्ये फक्त टेबलं येतात. जोडलेल्या फाइली एस्पोच्या डेटा फोल्डरमध्ये असतात, आपण केलेले बदल कस्टम फोल्डरमध्ये. म्हणून डम्प आणि एस्पोचं पूर्ण फोल्डर, दोन्ही घ्या. टास्क शेड्यूलरमध्ये रात्री दोनची वेळ नको, तेव्हा मशीन बंद असतं. दुपारी एकची लावा आणि "वेळ चुकली तर लवकरात लवकर चालवा" ही खूण करा. दोन एक्स्टर्नल डिस्क, एक ऑफिसात, एक बाहेर, दर शनिवारी अदलाबदल. महिन्यातून एकदा दुसऱ्या लॅपटॉपवर रिकाम्या डेटाबेसमध्ये तो डम्प भरून एस्पो उघडतंय का बघायचं.

ए-302: लाइट गेली की काय?

बी-704: काका, यूपीएस लागेलच. घाव डेटाबेसवर बसतो. नंतर पॅनेलमध्ये "मायएसक्यूएल शटडाउन अनएक्स्पेक्टेडली" आलं तर आधी डेटा फोल्डरची एक कॉपी काढा, मग एरर लॉगच्या शेवटच्या ओळी वाचा. आरिया (मारियाडीबीचा टेबलांचा एक प्रकार) लॉगची तक्रार असेल तर आरिया_सीएचके ने दुरुस्त होतं. आयबीडेटा1 नावाची फाइल डिलीट करा असं सांगणारे व्हिडिओ आहेत, ते करू नका. इनोडीबीच्या (टेबलांचा दुसरा प्रकार, एस्पोचा डेटा त्यातच असतो) टेबलांची माहिती तिच्यात असते. ती गेली की टेबलं फक्त नावापुरती उरतात.

सी-1203: रिमाइंडर वेळेवर येण्यासाठी एस्पोचं क्रॉन (ठरलेली कामं आपोआप उरकणारी फाइल) दर मिनिटाला चालवावं लागतं, तेही टास्क शेड्यूलरनेच. पीएचपी.ईएक्सई ऐवजी पीएचपी-विन.ईएक्सई द्या. नाहीतर टॅलीत एंट्री करताना दर मिनिटाला काळी खिडकी चमकेल.

सचिव: डिस्कला कुलूप?

बी-704: विंडोज प्रो असेल तर त्यातलं बिटलॉकर (डिस्क एन्क्रिप्ट करणारं) लावा, ऑफिसातल्या डिस्कला आणि दोन्ही एक्स्टर्नलना. 48 आकडी रिकव्हरी की कागदावर छापून सोसायटीच्या तिजोरीत, त्याच कॉम्प्युटरवर नाही. तिन्ही डिस्कच्या किल्ल्या वेगवेगळ्या असतात, कागदावर कोणती कुठली ते लिहा.

सचिव: ठीक. यूपीएस आणि दोन डिस्कची कोटेशनं मी मागवतो. वहिनी, ए विंगच्या दहा ओळी टेक्स्ट कॉलमवाल्या करून शुक्रवारपर्यंत ताईंकडे पाठवा, इथे ग्रुपवर नको.

खजिनदार: उद्या संध्याकाळी देते.