पत्र्याच्या भोकावरील 'बर'ला मराठीत काय म्हणावे?

लेखणी: पत्रेकामाच्या एका पुस्तिकेचे भाषांतर करताना रिव्हेटच्या, म्हणजे दोन पत्रे जोडणाऱ्या खिळीच्या, भोकाशी येऊन अडले आहे. ड्रिल आरपार गेल्यावर भोकाच्या कडेला जी धारदार किनार उभी राहते (इंग्रजीत 'बर'), तिला मी 'कीस' म्हटले आणि 'दोन्ही बाजूंचा कीस काढावा' असे लिहिले. मसुदा वाचून काम करणाऱ्याने भोके फडक्याने स्वच्छ पुसली, रिव्हेट लावले, आणि दोन पत्र्यांमध्ये नख जाईल एवढी फट राहिली. नेमका शब्द कोणता?

कानस: कीस सुटून पडतो आणि ही किनार पत्र्याला धरूनच असते, तेव्हा त्या बिचाऱ्याचे काही चुकले नाही. आम्ही 'बर काढणे' म्हणतो. ३.२ मिलिमीटरच्या रिव्हेटसाठी ३.३ मिलिमीटरचे भोक पाडायचे आणि मग १० मिलिमीटरचे ड्रिल नुसते हातात धरून त्यावर हलकेच फिरवायचे. तेच यंत्राला लावून फिरवले, तर पातळ पत्र्यात भोक बघता बघता मोठे होते.

शब्दवेडा: 'बर काढा' हे वाचक 'बरं, काढा' असे वाचेल. शिवाय कोणी 'बर आला' म्हणतो, कोणी 'बर आली'. लिंगही न ठरलेला शब्द 'धस' असताना कशाला हवा? पत्र्याचा धस लागून सदरा फाटतो, तोच हा.

कानस: धस एका जागी असतो; बर सबंध कडेने असते.

गिरमिट: मुळात ते भोक तरी गोल कुठे असते? पातळ पत्र्यात ड्रिलचे टोक पलीकडे निघते तेव्हा त्याच्या धारा पुरत्या आत शिरलेल्याच नसतात, त्यामुळे टोकाचा आधार सुटून ते भरकटते आणि भोक तिकोनी होते. आधी पंचाने, म्हणजे टोकदार छिन्नीने, भोकाच्या मध्यावर खूण ठोकली आणि पत्र्याखाली लाकडाचा ठोकळा घट्ट आवळला, तर बरही कमी येते. माझे वडील मात्र त्याला भोक म्हणत नसत, 'वेज' म्हणत.

शब्दवेडा: वा! 'वेध'चा वंशज. मग ते रिव्हेटला 'रिपीट'ही म्हणत असतील, कारण हातोडीचे घाव पुन्हा पुन्हा पडतात.

गिरमिट: म्हणत, पण ही व्युत्पत्ती तुमच्या मनची आहे. रिव्हेटच तोंडी झिजून रिपीट झाले.

लेखणी: तूर्तास मी 'भोकाच्या कडेची धार काढावी' असे लिहिले आहे.

कानस: 'धार काढावी' म्हणजे धार लावावी, असे समजून तो कडेवर कानस चालवील.